मुंबईत पाच दिवस, सोबत आई-बाबा आणि पोरं: मुक्काम नेमका कुठे ठोकावा?

परभणीचा_पाहुणा:
नमस्कार मंडळी. सहकुटुंब मुंबई करायचं बऱ्याच वर्षांपासून घाटतंय, या डिसेंबरात एकदाचं जमतंय. माणसं सहा: आम्ही दोघं, मुलगा आठवीत, मुलगी चौथीत आणि आई-बाबा. बाबा सत्तरीच्या पुढे, पण चालण्यात आम्हाला हरवतील. आईचे गुडघे मात्र जिना दिसला की बोलायला लागतात. गुरुवारी ३ तारखेला सकाळी देवगिरीने पोचतोय, सोमवारी ७ तारखेला रात्री त्याच गाडीने परत.

बघायचं ते नेहमीचंच. गेटवे, एलिफंटा, म्युझियम, राणीची बाग (मुलीने पेंग्विनचा धोशा लावलाय), सिद्धिविनायक, महालक्ष्मी, हाजी अली, मरीन ड्राइव्ह. जमलं तर एखादं नाटक.

घोडं अडलंय मुक्कामावर. कुणी दादर म्हणतं, कुणी फोर्ट-कुलाबा. ऑफिसातला एकजण म्हणतो अंधेरीला उतरा, खोल्या मोठ्या आणि नव्या. ठाण्याला मामेभाऊ आहे, त्याने तर दमच दिलाय की हॉटेलात उतरलास तर पुन्हा तोंड दाखवू नकोस. दोन खोल्या मिळून दिवसाला सहा-सात हजारांपर्यंत खर्चायची तयारी आहे. जाणकारांनी सांगावं.

डबलडेकर:
फोर्ट. पुढचा प्रश्न?

अंधेर_नगरी:
इतकं सोपं नसतं हो डबलडेकर. त्या पैशात फोर्टात खोल्या मिळतात, पण कशा मिळतात तेही सांगा की. जुन्या इमारतीचा तिसरा मजला, प्लायवूडची भिंत, पलीकडच्याचं घोरणं मोफत. खिडकी असलीच तर समोर दुसऱ्या इमारतीचे पाइप. अंधेरी पूर्वेला चकाला, मरोळ भागात तेवढ्याच पैशात लिफ्ट, कमोड आणि सकाळचा नाश्ता मिळतो. शिवाय मेट्रो ३ आता आरेपासून कफ परेडपर्यंत पूर्ण चालू आहे. मरोळ नाक्याला बसायचं, सिद्धिविनायकला उतरायचं, दर्शन झालं की पुन्हा बसून थेट चर्चगेट. एसी आहे, सरकते जिने आहेत, लिफ्ट आहे. काकूंच्या गुडघ्यांना आणखी काय पाहिजे? दाराशी रिक्षा मिळते हे वेगळंच. दक्षिणेला रिक्षा शोधत बसाल तर जन्म जाईल, ती पश्चिमेला वांद्र्याला आणि पूर्वेला सायनला संपते.

ठाण्याची_ठकी:
सख्खा मामेभाऊ ठाण्यात असताना हॉटेलचा विचार येतोच कसा मनात? देवगिरी ठाण्याला थांबते. सीएसएमटीच्या आधीच उतरायचं, घरी आंघोळ-चहा करायचा. फास्ट लोकलने सीएसएमटी पाऊण तास-पन्नास मिनिटं. रात्री वरण-भात घरचा. तलावपाळीची फेरी आणि मामलेदारची मिसळ वरकड.

डबलडेकर:
प्रश्न मुंबईत कुठे राहावं असा आहे. ठाणे बाद.

ठाण्याची_ठकी:
१८५३ साली बोरीबंदरहून देशातली पहिली प्रवासी गाडी निघाली ती कुठे आली होती? कुलाब्याला?

डबलडेकर:
आली होती, मुक्कामाला नाही.

खारी_बटर:
सुरू झालं. मी चहा टाकते.

गिरगावकर_आजोबा:
सगळे नकाशाकडे बघून बोलतायत, घड्याळाकडे कुणी बघत नाही. सकाळी आठ ते अकरा मुंबईची गर्दी वरून खाली येते, संध्याकाळी पाच ते नऊ खालून वर जाते. आता पाहुण्यांची यादी बघा. गेटवे, एलिफंटा, म्युझियम, मरीन ड्राइव्ह, राणीची बाग, जवळजवळ सगळं भायखळ्याच्या खाली. म्हणजे ठाण्यात राहिलात तर सकाळी नोकरदारांबरोबर खाली यायचं आणि संध्याकाळी त्यांच्याचबरोबर वर जायचं. गुडघे दुखणारी आई आणि चौथीतली पोरगी घेऊन संध्याकाळी साडेसहाला सीएसएमटीहून कल्याण फास्ट पकडून दाखवा, मग बोलू. खाली राहिलात तर सगळं उलटं होतं. सकाळी दादरकडे जाणाऱ्या डब्यात बसायला जागा असते आणि संध्याकाळी परत येतानाही असते.

दुसरी गोष्ट दुपारची. आमच्या वयाच्या माणसाला दुपारी तासभर पाठ टेकायला लागते. खोली जवळ असेल तर जेवून परत यायचं, चारला चहा घेऊन पुन्हा बाहेर पडायचं. ठाण्याहून किंवा अंधेरीहून निघालेलं माणूस रात्रीच घरी पोचतं. दुपारभर आजी कुठल्यातरी कठड्यावर बसलेल्या, पोरं किरकिरतायत, आणि मग गावाकडे जाऊन सांगायचं की मुंबईत फार दमायला होतं.

आणि सहा माणसं म्हणजे दोन टॅक्स्या, हे विसरू नका. काळी-पिवळीचं किमान भाडं ३१ रुपये आहे. फोर्टातून म्युझियम, चर्चगेट त्यातच नाहीतर थोड्या वर होतं. अंधेरीहून दोन टॅक्स्या करून बघा एकदा. मी स्वतः गिरगावचा असून फोर्टला मत देतोय याची नोंद घ्यावी. गिरगावात लॉज मोजके आणि लिफ्ट नशिबाने.

अंधेर_नगरी:
आजोबा, तुमचं घड्याळ गिरण्यांच्या भोंग्यावर लावलेलं दिसतंय. ऑफिसं आता बीकेसीला आहेत, लोअर परळला आहेत, अंधेरीला आहेत. सकाळी साडेनऊला अंधेरीला उतरणारी गर्दी बघा, दोन्ही बाजूंनी येते.

गिरगावकर_आजोबा:
म्हणजे अंधेरीला दोन्हीकडून गर्दी. आभारी आहे.

खारी_बटर:
अं_न यांचा स्वयंगोल.

मुळामुठा:
पुण्यात उतरा. डेक्कन क्वीनने अप-डाउन. खोल्या मोठ्या, हवा चांगली, माणसं सुसंस्कृत.

डबलडेकर:
आणि दुपारी एक ते चार हॉटेल बंद.

सीताबर्डीकर:
विनोद पुरे. सकाळी गाडीतून उतरणाऱ्यांचं खरं दुखणं वेगळंच असतं. आमची विदर्भ एक्सप्रेसही सकाळीच आणून सोडते. सातला माणूस सीएसएमटीला उभा आणि हॉटेलवाला म्हणतो, खोली बारा वाजता मिळेल. काही ठिकाणी तर दोन. एका हॉटेलने आम्हाला फोनवर ‘या हो, बघू’ सांगितलं होतं. पोचल्यावर बघितलं फक्त आम्ही, सोफ्यावर बसून, दुपारपर्यंत. तेव्हापासून ‘सकाळी साडेसातला खोली देणार का आणि त्याचे किती’ हे लेखी घेतल्याशिवाय मी पैसे पाठवत नाही. कधीकधी आदल्या रात्रीचे अर्धे पैसे भरलेले परवडतात. नाहीच जमलं तर निदान सामान ठेवू देतील का ते विचारा. स्टेशनच्या क्लोक रूममध्येही बॅगा ठेवता येतात, फक्त प्रत्येक बॅगेला कुलूप लागतं. कुलपं घरूनच न्या.

ठाण्याची_ठकी:
मामेभावाच्या घरी चेक-इनची वेळ नसते, एवढंच बोलते आणि गप्प बसते.

खारी_बटर:
चहा झाला, आता मी बोलते. यजमानाच्या बाजूने.

आमचं वन बीएचके, कल्याणजवळ. माहेरचे, सासरचे, माहेरच्यांचे सासरचे, सगळे आमच्याकडे उतरतात आणि खरंच आनंद होतो, तक्रार नाही. पण पाहुण्यांना हे दिसत नाही की नळाला पाणी सकाळी ठरावीक वेळेलाच येतं, नवऱ्याला सात वाजून काही मिनिटांची लोकल असते आणि संडास एकच आहे. सहा पाहुणे आणि आम्ही चार म्हणजे दहा जणांचं वेळापत्रक बसवायचं. त्यात मुलांची सहामाही-चाचणी काहीतरी असतंच. वर पाहुणे म्हणतात, ‘तू आमच्यासाठी काही करू नकोस हं.’ मग काय, दहा जणांनी उपास करायचा?

मामेभाऊ मनापासूनच म्हणत असणार. पण त्याच्या बायकोला फोन केलात का? तिचा आवाज ऐकून ठरवा.

ठाण्याची_ठकी:
खा_ब, हे मात्र खरं आहे. मी माझे शब्द अर्धे मागे घेते. उरलेले अर्धे राहू देत, कारण आमच्याकडे संडास दोन आहेत.

मीनल_हिंदूकॉलनी:
दादरबद्दल कुणी बोलतच नाहीये म्हणून मी बोलते. बाहेरून येणाऱ्यासाठी दादरसारखी जागा नाही. मध्य आणि पश्चिम दोन्ही रेल्वे इथे भेटतात, मेट्रो ३ चं स्टेशन झालंय, शिवाजी मंदिरला नाटक, माटुंग्याला डोसा-इडली चालण्याच्या अंतरावर. आस्वादचं थालीपीठ, प्रकाशचा साबुदाणा वडा आणि पीयूष. शाकाहारी, जुन्या वळणाच्या माणसांना जेवणाची काळजी नको. सिद्धिविनायक अगदी शेजारी.

दोन सूचना. मध्य रेल्वेचे दादरचे फलाट आता ८ ते १४ आहेत, पूर्वी दोन्ही रेल्वेंचे एकपासून सुरू व्हायचे आणि नवखा माणूस हमखास चुकायचा. २०२३ च्या डिसेंबरपासून तो घोळ मिटलाय. आणि टॅक्सीने परळ-प्रभादेवी करायचं असेल तर वेळ हाताशी ठेवा. एल्फिन्स्टनचा पूल सप्टेंबर २०२५ ला पाडकामासाठी बंद झाला, तेव्हापासून पूर्व-पश्चिमेचा बराच भार टिळक पुलावर आलाय. खोली घेताना पूर्व की पश्चिम हे नीट विचारून घ्या. सामान घेऊन तो पादचारी पूल चढायची वेळ आईंवर आणू नका.

डबलडेकर:
दादरचा पादचारी पूल बिनसामानाचाही चढू नये. तो आपल्याला आपोआप नेतो, फक्त कुठे नेईल ते आपल्या हातात नसतं.

तळ्याकाठचा:
इतके प्रतिसाद झाले, पण तारखा कुणी बघितल्या का? ३ ते ७ डिसेंबर. मध्ये सहा तारीख आहे.

महापरिनिर्वाण दिनासाठी राज्यातून आणि बाहेरूनही लाखो लोक चैत्यभूमीला येतात. चार-पाच तारखेपासूनच शिवाजी पार्क भरायला लागतं. दादरचे लॉज, धर्मशाळा, ओळखीपाळखीच्यांची घरं, सगळं भरलेलं असतं. आम्ही जालन्याकडचे, वर्षानुवर्षं येतो. पार्कात महापालिका मंडप घालते, पाणी-शौचालयाची सोय असते, जेवण वाटणाऱ्या संस्था असतात, तिथेच पथारी टाकतो. त्यामुळे आम्हाला हा प्रश्न पडत नाही. तुम्हाला पडेल. आणि सहा-सात तारखेच्या मराठवाड्याकडच्या गाड्या किती भरून जातात ते वेगळं सांगायला नको. जादा गाड्या सोडतात, तरी. तुमचं आरक्षण असलं तरी सोमवारी डब्यापर्यंत पोचायला वेळ ठेवा.

स्वच्छंदी_७:
बाप रे, मग त्या दिवशी दादर टाळलेलंच बरं.

तळ्याकाठचा:
फिरायला म्हणून येत असाल तर टाळा, हरकत नाही. पण पुस्तकं आवडत असतील तर टाळू नका. इतके पुस्तकांचे स्टॉल एका जागी फार कमी ठिकाणी लागतात. दोन-दोन दिवस रांगेत उभी राहणारी माणसं परत जाताना पिशवीत पुस्तकं घेऊन जातात. मी बाबासाहेबांचे खंड तिथूनच एकेक करून जमवलेत. दर्शनाच्या रांगेला तासन्‌तास लागतात, स्टॉलवर मात्र पाच तारखेलाच बरंच काही लागलेलं असतं.

मीनल_हिंदूकॉलनी:
तारखा माझ्या नजरेतून निसटल्या होत्या. तळ्याकाठचा यांना अनुमोदन. त्या दिवसांत दादरला खोली मिळेल यावर विसंबू नका.

हरवलेली_छत्री:
अवांतर विचारतेय, माफ करा. मावशीला टाटाला दाखवायला आणायचंय. आम्ही बेळगावचे. पर्यटन नाही, पण प्रश्न तोच आहे. कुठे राहावं? किती दिवस लागतील तेही माहीत नाही.

परळकरीण:
छत्री, यात माफी कसली. आधी एक बघा: बोलावणं परळला आहे की खारघरला? टाटाचं खारघरचं केंद्र वेगळं आणि पुष्कळ पेशंट तिकडे पाठवतात. परळला जवळचं स्टेशन परळ किंवा प्रभादेवी. खारघर हार्बर लाइनवर. परळला खोली घ्यायची आणि रोज खारघरला जायचं, असे हाल मी बघितलेत.

पहिले दोन-तीन दिवस हॉस्पिटलजवळ साधा लॉज बघा. तपासण्या किती दिवस चालणार हे कळेपर्यंत लांबचं बुकिंग करू नका. मग हॉस्पिटलच्या समाजसेवा विभागात जा. पेशंट आणि नातेवाइकांना राहायला देणाऱ्या संस्थांची, धर्मशाळांची माहिती आणि लागेल ते पत्र तिथून मिळतं. दादरची संत गाडगे महाराज धर्मशाळा त्यासाठीच ओळखली जाते. जागा लगेच मिळेलच असं नाही, नाव लावून ठेवावं लागतं. फाइलच्या झेरॉक्स, दोघांची आधार कार्डं आणि एक छोटा कुकर सोबत असू दे. ज्या जागी स्वतः भात लावता येतो ती जागा पेशंटसाठी चांगली, मग ती थोडी लांब असली तरी चालेल. बाकी व्यनि (खासगी निरोप) करा, सांगते.

हरवलेली_छत्री:
खूप आभार. खारघर-परळ हे कुणी सांगितलंच नव्हतं. चिठ्ठी काढून बघते.

गिरगावकर_आजोबा:
मावशींना बरं वाटो.

मीनल_हिंदूकॉलनी:
मूळ धाग्याकडे येऊ. पाहुणे, तुम्ही यादी दिलीत, बजेट दिलंत, गुडघे सांगितलेत. आई-बाबांना काय बघायचंय हे त्यांना विचारलंत का? ही यादी तुमची वाटतेय. एलिफंटाला धक्क्यापासून छोटी गाडी आहे, पण पुढे शंभराच्या वर पायऱ्या आहेत. डोलीवाले असतात, पण सगळ्यांना डोलीत बसणं आवडत नाही. माझ्या सासूबाईंनी चक्क नकार दिला होता, ‘मी अजून जिवंत आहे’ म्हणाल्या.

परभणीचा_पाहुणा:
मंडळी, दोन दिवस फक्त वाचत होतो. मीनलताई, तुमचा प्रतिसाद रात्री जेवताना वाचून दाखवला आणि घरात वेगळीच चर्चा सुरू झाली.

आई म्हणते, मला कुठेच चढायचं नाही. समुद्राजवळ बसायचं. रोज. संध्याकाळी. एवढंच. आणि भाच्याकडे एक रात्र राहिल्याशिवाय ती परभणीला यायची नाही.

बाबांचं तर और. ते निवृत्त शिक्षक. म्हणाले, ‘मला सहा तारखेला शिवाजी पार्कला जायचंय, पुस्तकं बघायचीत. नोकरीत असताना कधी निघणं झालं नाही.’ तेव्हा उजेड पडला. तिकिटं काढताना ‘पहिल्या आठवड्यातलीच काढ’ असा हट्ट त्यांचाच होता, मला वाटलं थंडी म्हणून.

वहिनीलाही फोन केला (खा_ब, तुमच्या सांगण्यावरून). ती म्हणाली एक रात्र या, छान गप्पा मारू. ‘एक रात्र’ वर जोर होता, मला ऐकू आला.

मग आता? दादर की फोर्ट की आणखी काही?

खारी_बटर:
तो जोर ओळखणारा पाहुणा लाखात एक.

तळ्याकाठचा:
सरांना माझा नमस्कार सांगा. पाच तारखेला दुपारी पुस्तकांसाठी न्या, निवांत बघता येतील. सहाला यायचंच असेल तर सकाळी लवकर, फक्त तुम्ही आणि ते. आजींना आणि मुलीला त्या गर्दीत आणू नका. फोनवर विसंबू नका, चुकामूक झाली तर कुठे भेटायचं ते आधी ठरवा. आणि मोकळी, मजबूत पिशवी. सर पुस्तकं घेणार, तुम्ही उचलणार.

गिरगावकर_आजोबा:
आता प्रश्न नीट झाला. आईंना समुद्र रोज हवा, बाबांना दादरला ये-जा हवी, गाडी सीएसएमटीला येणार. तर फोर्ट नको आणि कुलाबाही नको. धोबी तलाव बघा. मेट्रो सिनेमाच्या आसपासच्या गल्ल्या. एका हाताला सीएसएमटी, दुसऱ्या हाताला मरीन लाइन्स स्टेशन, दोन्ही चालत. मरीन लाइन्सचा पूल ओलांडला की समोर समुद्र. तो जिना आईंना जड जाईल, त्यांना टॅक्सीने चर्चगेटच्या बाजूने न्या. कठड्यावर बसवा आणि भेळ-शेंगदाणे हातात द्या, दोन तास त्या हलणार नाहीत.

नाश्त्याला कयानी अँड कंपनी आहे, १९०४ पासूनची. ब्रून मस्का पोरांना आवडेल, बाबांना चहा. राणीच्या बागेला सीएसएमटीहून स्लो लोकल, सीएसएमटी धरून भायखळा चौथंच स्टेशन. पूर्वेला उतरून चालत. बुधवारी बाग बंद असते, तुमच्यात बुधवार नाही. एलिफंटा सोमवारी बंद. पोरांना घेऊन शुक्रवारी सकाळीच उरकून घ्या, तोवर आई खोलीवर नाहीतर गेटवेला सावलीत. हाजी अलीला भरतीची वेळ बघून जा, वाट पाण्याखाली जाते.

डबलडेकर:
धोबी तलाव म्हणजे फोर्टच्या पलीकडचा फुटपाथ. मी पहिल्याच प्रतिसादात जवळजवळ हेच म्हटलं होतं.

अंधेर_नगरी:
हरकत नाही, समुद्रापुढे माझा मरोळ नाका हरला. तरी मेट्रोचं श्रेय मला द्या. दादरला आणि सिद्धिविनायकला लोकलच्या भानगडीत पडू नका. सीएसएमटीहून भुयारी मेट्रो, थेट. परत येताना तशीच. मंगळवार टाळला की सिद्धिविनायकला रांगही बरी असते. फक्त महालक्ष्मीचं मेट्रो स्टेशन म्हणजे महालक्ष्मीचं मंदिर नव्हे. ते रेल्वे स्टेशनच्या बाजूला आहे, मंदिरासाठी पुढे टॅक्सी करावी लागते. नाव बघून पुष्कळ जण फसतात.

सीताबर्डीकर:
धोबी तलावच्या जुन्या इमारतीत फोन कराल तेव्हा हे विचारा. लिफ्ट तळमजल्यापासून आहे का? काही ठिकाणी आठ-दहा पायऱ्या चढल्यावर लिफ्ट सुरू होते आणि ती बंद कधी असते हे कुणी सांगत नाही. कमोड आहे का, गरम पाणी दिवसभर की सकाळीच? दोन्ही खोल्या एकाच मजल्यावर का? खोली रस्त्याकडची की आतली? रस्त्याकडच्या खोलीला उजेड असतो आणि हॉर्नही. खिडकीचा फोटो मागा, पलंगाचा नको. पलंग सगळ्यांकडे असतो.

हिशेबनीस:
एक बारीक गोष्ट. देवगिरी जाताना ठाण्याला थांबते ना? मग रविवारी संध्याकाळी हॉटेल सोडा, रात्री मामेभावाकडे. सोमवार दिवसभर तिथे आराम आणि रात्री ठाण्यालाच गाडीत चढा. बोर्डिंग स्टेशन ऑनलाइन बदलून घ्या, नाहीतर बर्थ दुसऱ्याला जाईल. हॉटेलची एक रात्र वाचते. रविवारी संध्याकाळी नोकरदारांची गर्दी नसते, मात्र सकाळी-दुपारी मेगाब्लॉक असला तर गाड्या उशिरा. शनिवारी पेपरात किंवा रेल्वेच्या पानावर बघून ठेवा.

ठाण्याची_ठकी:
अखेर मुक्काम पोस्ट ठाणे. डबलडेकर, वाचताय ना?

डबलडेकर:
एकच रात्र. वहिनींनी जोर देऊन सांगितलंय.

परभणीचा_पाहुणा:
सगळ्यांचे आभार. धोबी तलावला तीन ठिकाणी फोन केले. एकाने लिफ्टचा प्रश्न ऐकून ‘किती माणसं चढणार?’ असं विचारलं, ते सोडलं. दुसरीकडे दोन खोल्या एकाच मजल्यावर, सकाळी आठला एक खोली देणार, दुसरी बाराला. व्हॉट्सअपवर लिहून घेतलं. बोर्डिंग ठाणे करून घेतो. एलिफंटाला मी आणि मुलं, आई-बाबा तेवढा वेळ म्युझियममध्ये बायकोबरोबर.

आता फक्त नाटक राहिलं. शनिवारी पाच तारखेला पुस्तकं बघून झाल्यावर रात्रीचा प्रयोग जमेल का? शिवाजी मंदिर त्या गर्दीत नको वाटतं.

मीनल_हिंदूकॉलनी:
माटुंग्याचं यशवंत नाट्यमंदिर बघा. माटुंगा रोड स्टेशनहून जवळ, आणि तिथून चर्चगेट स्लोने थेट मरीन लाइन्स. कुठलं नाटक लागलंय ते त्या आठवड्याच्या पेपरातल्या जाहिरातीत कळेल, तिकीट ऑनलाइनही मिळतं. आईंसाठी खालच्या मजल्यावरची, वाटेकडची खुर्ची घ्या. बाल्कनीला जिना आहे.

तळ्याकाठचा:
आणि पुस्तकांची पिशवी आधी खोलीवर टाकून या. सरांच्या पिशवीला वेगळं तिकीट लागेल.